मुलांनी घातलेला टाका उसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत, सुट्टीत मुलांना घेऊन घरी काय काय बनवता येईल यावर पानभर मजकूर आला होता. ते पान मी कापून ठेवलं, त्यातली एक वस्तू नातवंडांना घेऊन करूनही बघितली, आणि त्यानंतर जे जे झालं त्यावरून हे पत्र लिहितोय. पत्र लांब झालंय, जागा नसेल तर काटछाट करा, पण मधला शिवणाचा आणि खुर्चीचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

तर त्या पानावर शोभेची एक गोल वस्तू होती, भिंतीवर लावायची. साहित्याची यादी घेऊन मी आणि दोघं नातवंडं मेन रोडला गेलो. एमडीएफचा (दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचा) गोल तुकडा, ग्लू गन, तिच्या कांड्या, अ‍ॅक्रेलिक रंगाच्या चार बाटल्या, आरसे, मणी, लेस असं सगळं मिळून साडेसातशेच्या वर बिल झालं. घरी आल्यावर दोन तासांत वस्तू तयार, कारण करायचं असं त्यात काही नव्हतंच, सगळं तयारच होतं, फक्त चिकटवायचं. नातवाच्या बोटाला गरम गोंद लागून फोड आला तो वेगळाच. बाल्कनीत लावलं, तिथे दुपारी पश्चिमेचं ऊन थेट येतं, गोंद मऊ पडला आणि पंधरा दिवसांत आरसे एकेक करून खाली आले. नात म्हणाली, आजोबा आता दुसरं किट आणूया का. मला तिथे थांबावंसं वाटलं.

मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे काटेकोर मापात हत्यारं-साचे बनवायच्या खात्यात, एकतीस वर्षं काम केलं, आता रिटायर आहे, सिडकोत राहतो. आई शिवणकाम करायची, जुन्या नाशकात वाड्याच्या ओसरीवर तिची काळी पायमशीन असायची, आणि आम्ही भावंडं तिच्या हाताखाली काजं-बटणं, हुक लावणं, तुरपाई हे सगळं करायचो, मुलगा-मुलगी असा काही भेद नव्हता, काम पडलं की जो मोकळा असेल तो बसायचा. ती मशीन अजून माझ्याकडे आहे आणि चालू आहे. तेव्हा नातीला म्हटलं की किट नको, आपल्या घरातच काय पडलंय ते बघू. माळ्यावरून ट्रंक काढली. त्यात आईची दोन सुती लुगडी, बाबांचं एक धोतर निघालं, शिवाय अडगळीत पडलेली सासुरवाडीची सागवानी खुर्ची होतीच, जी हलायची म्हणून दहा वर्षं कुणी बसलं नव्हतं. पुढचा महिना आम्ही एवढ्यावर काढला.

आधी गोधडी. नऊवार लुगडं म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे लहान मुलाच्या अंगावर घ्यायला तीन फूट बाय चार फुटाची गोधडी करायची तर एका लुगड्यातून सहा तुकडे आरामात निघतात, विरलेला भाग सोडून दिला तरी कापड उरतं. आम्ही वर एक लुगड्याचा तुकडा, खाली एक, आणि मध्ये धोतर दुहेरी करून घातलं, असे चार पदर. कापड आधी धुऊन, खळ काढून, इस्त्री करून घ्यायचं, नाहीतर गोधडी पहिल्या धुण्यात आकसते आणि आतले पदर गोळा होतात. फरशीवर पसरायचं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, सुरकुत्या मधून कडेकडे हाताने सरकवायच्या, मग वीत-वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळे पदर एकमेकांना धरून ठेवायचे. हे टाके शेवटी काढून टाकायचे असतात, पण आळस करून ते घातले नाहीत तर शिवताना खालचा पदर सरकतो आणि ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. मग कडा आत दुमडून कडेने धावदोरा सुरू करायचा, एक फेरा पूर्ण झाला की दोन बोटं आत सरकून दुसरा, असं बाहेरून आत आत यायचं. दोरा एका हाताच्या लांबीपेक्षा जास्त घ्यायचा नाही, मुलांना वाटतं लांब घेतला की पुन्हा पुन्हा ओवायला लागणार नाही, पण मग त्याचा गुंता होतो आणि तिथेच मूल कंटाळतं. गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवायची म्हणजे अंगाला टोचत नाही.

साड्या सुतीच घ्या. सिंथेटिक साडीची गोधडी दिसायला चकचकीत होते पण पदर एकमेकांवरून घसरतात, सुई नीट जात नाही, आणि घाम टिपत नाही म्हणून अंगावर नकोशी होते. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली अशी पातळ सुती गोधडी पुरते, आणि थंडीत निफाडकडचा गारठा इकडे सरकला की तीच रजईच्या आतून घ्यायची.

नात नऊ वर्षांची आहे, लेकीची मुलगी, पुण्याहून सुट्टीला येते. रोज दुपारी जेवणं झाल्यावर तासभर आम्ही बसायचो. पहिल्या दिवशी तिचा टाका अर्धा इंचाचा, पुढचा पाव इंचाचा, मग एकदम पाऊण इंच, आणि ओळ चढावर गेल्यासारखी वर वर. मी काहीच बोललो नाही. हे न बोलणं मला फार जड गेलं, कारण मी टूलरूमचा माणूस, एक सूत इकडेतिकडे झालं तर मला झोप येत नाही, आणि याच सवयीने मी माझ्या घरात एक नुकसान करून ठेवलंय ते इथे सांगतो.

माझी मुलगी सातवीत असताना शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टाक्यांच्या नमुन्यांची फाइल करायची होती. धावदोरा, हेम, उलट टीप, साखळी, काजं, असे दहा-बारा नमुने. तिने दोन रविवार बसून केले. टाके वाकडे होते. रात्री ती झोपल्यावर मी ते उसवले आणि सगळे स्वतः परत घातले, अगदी सारखे, मापात. मला वाटलं मी तिला मदत करतोय. तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले, फाइल शाळेने कपाटात ठेवून घेतली. त्या दिवसानंतर तिने सुई हातात घेतली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, बाबा मला येत नाही ना ते, तुम्हाला येतं. आज ती पस्तिशीची आहे, ड्रेसचं बटण तुटलं तरी बाहेर टाकते. माझ्या हातून झालेली ही चूक मला पक्की आठवते, म्हणून नातीच्या गोधडीवर मी एक टाका उसवला नाही आणि कुणाला उसवू दिला नाही.

मशीनचंही थोडं सांगतो कारण पुष्कळ घरांत आई-आजीची मशीन कोपऱ्यात टीव्हीचं टेबल झालेली असते. ती बहुतेक वेळा बिघडलेली नसते, फक्त तेल सुकून चिकट झालेलं असतं. जुनं तेल पुसून, जिथे जिथे तेलाची भोकं आहेत तिथे मशीनचंच पातळ तेल थेंब थेंब घालायचं, खोबरेल घालायचं नाही, ते थंडीत गोठतं आणि मशीन जॅम होते. शटलच्या आत आणि कापड सरकवणाऱ्या दातांच्या खाली जो कापसाचा भुगा साठतो तो ब्रशने काढायचा. चामडी पट्टा ढिला असेल तर थोडा कापून परत क्लिप लावायची. सुई बदला, लोक एकच सुई वर्षानुवर्षं वापरतात. साध्या सुती कापडाला चौदा नंबर, जीन्सला सोळा किंवा अठरा, रेशमी किंवा पातळ कापडाला अकरा. आणि एक गोष्ट, शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात आणि बॉबिन केसचा स्क्रू फिरवत बसतात, पण नव्वद टक्के वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते, तो टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मध्ये नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा पायटा वर उचलून दोरा परत ओवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

मुलांना मशीनवर बसवायचं तर पहिले दोन-तीन दिवस दोरा लावायचाच नाही. वहीचं रेघांचं पान घ्यायचं आणि बिनदोऱ्याच्या सुईने रेघेवरून टीप मारायची. कागदावर भोकांची ओळ दिसते, वाकडी गेली की लगेच कळतं, आणि पाय आणि हात एकत्र चालायची सवय होते. आईने मला असंच शिकवलं होतं. कागदाने सुई बोथट होते, म्हणून त्यासाठी जुनी सुई ठेवायची. नातू बारा वर्षांचा, त्याने तिसऱ्या दिवशी सरळ टीप मारली आणि चौथ्या दिवशी माझ्या जुन्या पँटच्या कापडाची पिशवी शिवायला घेतली.

पिशवीचं माप देतो, कुणालाही जमेल. सोळा इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब एकच सलग पट्टा घ्यायचा, मध्ये दुमडला की तळाला शिवण येत नाही म्हणजे तिथून फाटायची भीती नाही. आधी दोन्ही तोंडांकडच्या कडा एक एक इंच दुमडून शिवायच्या, मग बाजूच्या दोन टिपा. खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणासारखे ओढून चार इंचाच्या रुंदीवर आडवी टीप मारली की पिशवीला चार इंचाचा सपाट तळ मिळतो आणि ती जमिनीवर उभी राहते. बंद बावीस इंचाचे दोन, चार इंच रुंद पट्टी चौपदरी दुमडून एक इंचाची करायची, आणि पिशवीला लावताना चौकोन शिवून त्यात फुली मारायची, नुसती आडवी टीप बटाट्याच्या वजनाला टिकत नाही. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा सगळ्यांनी कापडी पिशव्या विकत घेतल्या, पण घरोघरी जुन्या पँटा आणि पडदे पडलेलेच राहिले. नातवाची पिशवी घेऊन आम्ही गोदाघाटावर बुधवारच्या बाजाराला गेलो, चार किलो कांदे, दोन किलो बटाटे आणि वर मेथीच्या जुड्या, पिशवी टिकली. त्याने घरी येईपर्यंत ती माझ्या हातात दिली नाही.

आता खुर्ची. मला सगळ्यात जास्त यावर लिहायचंय कारण सिडकोत, इंदिरानगरला, नंदिनी नदीच्या काठाने मी रोज फिरायला जातो आणि तिथे दर आठवड्याला कुणीतरी टाकलेल्या खुर्च्या, टीपॉय, पाट, देवघरं दिसतात आणि त्यातल्या अर्ध्याअधिक फक्त सांधे ढिले झालेल्या असतात. लाकूड चांगलं असतं हो! सागाला शंभर वर्षं काही होत नाही, निकामी होतो तो जोडातला सरस.

हलणाऱ्या खुर्चीला लोक खिळा मारतात. कृपा करून खिळा मारू नका, खिळ्याने लाकूड चिरतं आणि महिनाभरात परत हलायला लागतं. खुर्ची रबरी हातोडीने किंवा फळीचा तुकडा मध्ये धरून हळूहळू ठोकून पूर्ण सोडवायची, प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घालायचा (आम्ही घातले, हे काम नातीचं), आणि आडव्या पट्टीचं टोक जिथे पायाच्या खाचेत बसतं तिथला जुना वाळलेला सरस पटाशीने खरवडून काढायचा. हे खरवडणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारण फेविकॉल लाकडात मुरतो तेव्हा धरतो, जुन्या सरसावर लावला तर नुसता वर बसतो. टोक खाचेत ढिलं असेल तर त्याला पातळ सुती कापडाची पट्टी फेविकॉलमध्ये भिजवून गुंडाळायची. मग सगळं जोडून दोरी चारी पायांभोवती गुंडाळायची आणि दोरीत काठी घालून पीळ द्यायचा, पाहिजे तेवढं आवळता येतं, सुताराचे शिकंजे आणायची गरज नाही. लगेच खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघायचं, कारण वाळल्यावर काही करता येत नाही. चोवीस तास हात लावायचा नाही.

स्क्रूचं भोक मोठं झालं असेल, म्हणजे कपाटाची बिजागरी लटकते तेव्हा, काड्यापेटीच्या काड्यांचा गूल तोडून त्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासायच्या, वाळल्यावर कडा कापून तोच स्क्रू परत फिरवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. हे लाकडात आणि प्लायमध्ये नक्की चालतं. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं फर्निचर मात्र एकदा पावसाच्या पाण्याने फुगलं की त्याला काही इलाज नाही, त्यावर मेहनत घालवू नका, त्याच्या बिजागऱ्या आणि हँडल काढून ठेवा.

पॉलिश पेपर ८०, मग १२०, मग २२०, या क्रमाने, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासायचं, आडवं घासलं तर चरे पॉलिशखाली उठून दिसतात. नातवाने आणि मी तीन दिवस घासलं. काळपट तेलकट थर गेला आणि खाली सागाचा जो पिवळसर रंग आला तो बघून माझी बायको स्वयंपाकघरातून उठून आली, तिच्या आईच्या माजघरात ही खुर्ची अशीच दिसायची म्हणाली, आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

पॉलिशला आम्ही लाख वापरली. पॉलिशवाले ज्याला चपडा म्हणतात ते लाखेचे पापुद्रे, एक लिटर स्पिरिटला शंभर-सव्वाशे ग्रॅम, काचेच्या बाटलीत रात्रभर विरघळू द्यायचे. लोखंडी डब्यात नको, रंग काळवंडतो. मलमलच्या कपड्यातून गाळायचं, आणि कापसाचा बोळा जुन्या मलमलमध्ये गुंडाळून त्याने पातळ पातळ हात द्यायचे, एकदम जाड नाही. मुलांना यातलं फक्त शेवटचं कोरड्या कापडाने पुसणं द्यायचं, कारण स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे गॅस, देवातली निरांजन, उदबत्ती यापासून लांब, गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत. आणि हे काम मे महिन्यातच उरका, पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. गरम भांडंही त्यावर थेट ठेवू नये, गोल डाग उठतो.

बैठक वेताची होती ती पार गेली होती. ती आम्हाला विणता आली नाही, विणून घेतली. खुर्च्या विणायचं काम अंध व्यक्तींना शिकवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, बोटांनी जाळी ओळखून ते इतकी सफाईने विणतात की बघत राहावं, आणि नातवाने तिथे बसून ते दोन तास बघितलं. साध्या स्टुलाची गादी असेल तर ती घरीच होते. दोन इंची फोम, चाळीस डेन्सिटीचा मागा, हलका घेतला तर वर्षात बसतो, वरून कापड चारी बाजूंनी तीन इंच जास्त ठेवून आधी प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक एक चूक (बारीक खिळा) ठोकायची आणि कोपरे सगळ्यात शेवटी.

एक धोक्याची सूचना, ही तुम्ही चौकटीत छापा असं मला वाटतं. जुन्या पाळण्यांना, लाकडी घोड्यांना, लोखंडी खाटांना जो ऑइलपेंट असायचा त्यात शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीचा रंग असेल तर तो धोक्याचाच समजा. लोक हौसेने नव्या बाळासाठी आजोबांचा पाळणा कोरडा घासायला घेतात आणि ती धूळ घरभर होते, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला सगळ्यात वाईट. असा रंग कोरडा घासायचा नाही, वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओलाच घासायचा, मास्क लावायचा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ द्यायचं नाही, आणि झाल्यावर झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं.

दुसरं अंबड-सातपूरच्या लोकांसाठी. कारखान्यातून बाहेर पडणारे लाकडी पॅलेट हल्ली लोक आणून रॅक, कुंड्यांचे स्टँड करतात, चांगलं आहे, आम्हीही बुटांचा रॅक केला. पण परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो तो वाचा. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, घ्या. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका. तेल किंवा केमिकल सांडलेलं असेल तर शिक्का कुठलाही असो, नकोच.

हे सगळं मी शाळांसाठीही लिहितोय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, सुतारकाम, बागकाम, मातीकाम अशा कामांची ओळख करून द्यायची असं म्हटलंय. त्याच्याही कितीतरी आधी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला होता. आणि आज होतं काय, तर शाळेतून रात्री आठ वाजता मोबाईलवर मेसेज येतो की उद्या अमुक प्रोजेक्ट आणा, आणि आई-बाप स्टेशनरीच्या दुकानात धावतात, तिथे तयार प्रोजेक्ट मिळतात, मूल ते सकाळी नुसतं हातात धरून नेतं. यात मी शिक्षकांना दोष देत नाही, साठ मुलांचा वर्ग असतो. पण त्या दहा दिवसांतला एक दिवस असा ठेवा की प्रत्येकाने घरातली एक मोडकी, फाटकी वस्तू आणायची आणि ती शाळेत दुरुस्त करायची, आणि मुलग्यांनाही सुई-दोरा द्या आणि मुलींनाही हातोडी द्या. आणि मार्क सुबकतेला देऊ नका, स्वतः केलंय का त्याला द्या. सुबकतेला मार्क मिळतात म्हणून तर माझ्यासारखे बाप रात्री टाके उसवायला बसतात.

दिवाळीच्या सुट्टीचं आत्ताच सांगून ठेवतो, तेव्हा तुमची पुरवणी आकाशकंदिलाची येईलच. त्यात तयार प्लास्टिकच्या पट्ट्या देण्यापेक्षा हे द्या. बुरुडाकडून बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या आणायच्या, दोऱ्याने बांधून सहा चौकोन करायचे. मग ते चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधत गेलं की मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, ते वेगळे करावे लागतच नाहीत. नातवाला हे मी आधी सांगितलं नव्हतं, मागच्या दिवाळीत सहावा चौकोन बांधल्यावर त्याचं त्यालाच दिसलं आणि तो मोजत बसला की चोवीस कामट्यांत त्रिकोण आले कुठून. प्रत्येक कामटी एका चौकोनाची पण आहे आणि एका त्रिकोणाची पण, हे त्याने स्वतः शोधून काढलं. वर पतंगाचा कागद, मैद्याची खळ, खाली झिरमिळ्या. दोरा नीट बांधला तर सांगाडा दरवर्षी चालतो, फक्त कागद बदलायचा.

आता माझी तुमच्याकडे मागणी. दर रविवारी अर्धा कॉलम द्या, पानभर नको. त्यात अशी वस्तू द्या जिचं साहित्य निम्म्याहून जास्त घरातच असेल, आणि माप इंचात द्या, नुसतं 'आवश्यकतेनुसार कापड' लिहू नका, त्याने नवीन माणसाला काहीही कळत नाही. कोणतं काम आठ वर्षांचं मूल करेल आणि कोणतं मोठ्यानेच करायचं ते स्पष्ट लिहा. आणि फोटो छापताना एखाद्या घरात मुलांनी खरोखर केलेल्या वस्तूचा छापा, जशी झाली तशी. स्टुडिओतला सुबक फोटो बघून मूल आपली वस्तू बघतं आणि हिरमुसतं, हे मी समोर बसून पाहिलंय. शहरात कात्रीला धार लावणारे, पिंजारी, मशीन दुरुस्त करणारे, वेत विणणारे, पॉलिशवाले अजून आहेत, पण शोधावे लागतात, ते कोणत्या भागात बसतात एवढं जरी तुम्ही छापलंत तरी त्यांना काम मिळेल आणि आमच्यासारख्यांची पायपीट वाचेल. पहिले चार-पाच आठवडे मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे, त्याचं मानधन नको.

राहता राहिली गोधडी. महिनाअखेरीला मुलगी नातीला न्यायला आली. गोधडी सोप्यावर होती, तिने हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली, त्या चढावर गेलेल्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, बाबा, तुम्ही हे उसवलं नाहीत? मी नाही म्हटलं. ती काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर बघतो तर ती आणि नात दोघी खाली बसलेल्या, नात तिला सांगत होती की आई एवढा लांब दोरा घ्यायचा नाही, गुंता होतो, आणि लेक निमूटपणे दोरा तोडून परत ओवत होती. त्या रात्री दोघींनी मिळून मधले तीन फेरे पूर्ण केले. सगळ्यात आतला चौकोन अजून बाकी आहे, सुई त्यातच टोचून ठेवलीय आणि गोधडी ट्रंकेत आहे, दिवाळीला त्या येतील तेव्हा पुढे.

आपला,
एक नियमित वाचक
सिडको, नाशिक